कहा-सुना माफ नाही

"ऐ, उठ. कुत्तेवाला थाल में नहीं बैठेगा."

असं म्हटलं शेठनं. भर मांडवात. त्याच्या पोरीचं लगन होतं. आमच्यात एका मोठ्या थालीभोवती चार-पाच जण बसतात, एकाच थालीत हात घालून जेवतात. लहान-मोठा पाहत नाहीत, म्हणून तर ती रीत. मी बिस्मिल्ला म्हणून पहिला घास उचलला होता. तो हातातच राहिला.

मी त्याच्या शेतावरचा राखणदार. मालगुजारी गेली त्या साली शेठनं केशोरीकडच्या धानाच्या बांध्या विकत घेतल्या, जंगलाला लागून. रानडुकरं धान उलथून टाकत. म्हणून शेठनंच एक काळं पिल्लू गोणपाटात घालून आणून दिलं. "इसे पाल, ये धान बचाएगा." शब्द त्याचेच. मी पाळला. काळ्या नाव ठेवलं. तो झोपडीत कधी आला नाही, बाहेर बांधावर, धुऱ्यावर झोपायचा. नमाजाचे कपडे मी उंच खुंटीला टांगत होतो. दोनच बुकं शिकलो, पण पाक-नापाक मले बापानं शिकवलं होतं.

थालीवरून उठलो. तेवढ्यावर भागावं ना. नाही. गोंदियाचे व्यापारी बसले होते, त्यांच्याकडं पाहून शेठ हसला. "कुत्ते का जूठा बर्तन सात बार धोते हैं, एक बार मिट्टी से. इसके हाथ भी धुलवाओ."

माती आणली. नोकर पाणी ओतत गेला, मोठ्यानं मोजत गेला. मांडव हसून राहिला होता. पडद्यापलीकडं बायकांत माझी बायको बसली होती. तिले सगळं ऐकू येत होतं. मग फुटक्या मातीच्या भांड्यात पुलाव टाकून गोठ्याजवळ ठेवला.

"वहाँ बैठ."

बसलो नाही. बायकोला हाक मारली. निघालो.

सकाळी नमाज झाल्यावर पेशइमामाला गाठलं. तोही त्या मांडवात होता, शेठच्या थालीत.

"मौलवीसाब, खरं सांगा. मी नापाक आहो का?"

"नाही रे बाबा. शेत राखणारा, ढोरं राखणारा, शिकारीचा कुत्रा चालतो. शौकानं घरात ठेवू नये. भांड्याला तोंड लावलं तर भांडं धुवावं. भांडं सांगितलं आहे. माणूस नाही सांगितला."

"मग काल काऊन बोलले नाही?"

त्यानं मान खाली घातली. "माझी भाकर त्याच्या घरची."

रातभर मी समजत होतो की अल्लानं मले थालीवरून उठवलं. ते काही मले सहन होत नव्हतं. अल्लानं नाही उठवलं. शेठनं उठवलं, आणि नाव अल्लाचं घेतलं. मौलवीच्या दारातच माझं रडू थांबलं. त्या जागी दुसरंच काही येऊन बसलं. ते अजून बसून आहे.

तसाच शेठकडं गेलो. "शेठ, कुत्रा नापाक. तुम्हीच सांगितलं, जमातीसमोर. तुमच्या धानाजवळ नापाक जनावर कायले पाहिजे? मी त्याला घेऊन चाललो."

"जा जा. तेरे जैसे बहुत मिलेंगे."

मिळाला. नवा राखणदार आला, डबा बडवायचा. डुकरं डब्याला भेतात का? धान पिवळं होऊन उभं होतं. मी सासरवाडीला, गोंदियाकडच्या गोरेगावला होतो, तिथं खबर आली. बांध्याच्या बांध्या लोळवल्या होत्या. मी हसलो. पोट धरून हसलो. कुत्र्याची थुंकी नको होती त्याले, धानाला डुकरांची थुंकी लागली! आणि उरलेलं धान त्यानं काय केलं? झोडलं, पोत्यात भरलं, गोंदियात विकलं. एक दाणा फेकला नाही. तेव्हा माती नाही मागवली.

काही सालांनी शेठ हजला निघाला. हजला जाणारा आधी दारोदार फिरतो, "कहा-सुना माफ करो" म्हणतो. अल्ला आपला गुन्हा माफ करील, पण माणसाचा केलेला गुन्हा त्या माणसानंच माफ करायचा असतो. शेठला हे पक्कं ठाऊक. सगळ्यांकडं जाऊन शेवटी माझ्या दारात आला. मोटारीतून. गळ्यात हार. काळ्या भुंकला. मी आवरलं नाही.

"चल भाई, कहा-सुना माफ कर दे."

"काय म्हटलं होतं शेठ? आठवते?"

"अरे छोड ना. पुरानी बात."

"बात मांडवात झाली. जुम्याला जमातीसमोर या, माझ्यासंग एका थालीत जेवा. मग माफ."

तो लाल झाला. "तेरे साथ? औकात में रह."

"मी औकातीतच आहो. दारात तर तुम्ही उभे आहा."

माझा साळा कानाशी लागला, "भाटोजी, द्या ना माफी. मोठा माणूस हजला जाऊन राहिला."

"जाऊ दे. माझं ओझं घेऊन जाऊ दे."

गेला. टेसनावर बँड वाजला म्हणतात. आला तो हाजीसाहेब होऊन आला. मी त्याले हाजी म्हटलं नाही. मरायला टेकला तेव्हा पोराला पाठवलं. पोरगा रडला, माझे पाय धरले. त्याचा काही दोष नव्हता, मी त्याले चहा पाजला. माफी दिली नाही.

आता माझी पोरं म्हणतात, "अब्बा, तुमचीबी वेळ आली, सोडून द्या." काऊन सोडू? त्याच्याजवळ बांध्या होत्या, मोटार होती, मौलवीही होता. त्याले जे पाहिजे होतं ते एकच माझ्याजवळ होतं. ते मी कबरीत सोबत घेऊन जाईन.

कयामतीच्या दिवशी सारी दुनिया उभी राहील. मी त्या गर्दीत त्याले शोधीन. सापडला की बोट दाखवीन. या अल्ला, हा तो. याले मी माफ केलं नाही.