हिंगाच्या डबीतली पंधरा मिनिटं

गणपतीच्या नैवेद्याचे मोदक आमच्याकडे आई करायची. गेल्या वर्षी तिचे हात थरथरायला लागले आणि ते काम बायकोकडे आलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण नैवेद्याचे मोदक आईने तिला कधी करू दिले नव्हते. म्हणजे हा तिचा पेपर होता, आणि तो तपासायला लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत सगळं गणगोत जमणार होतं.

अशा वेळी नवऱ्याने नारळ खोवून द्यावा. मी तिला यंत्र करून दिलं.

पन्नाशीला लोक गुडघ्यांकडे लक्ष देतात. मी सोल्डरिंग करत बसतो. यंत्र साधं होतं. मोदकपात्रात वाफ धरली की बटण दाबायचं, पंधरा मिनिटांनी ते वाजणार. बाजारात मिळणाऱ्या तयार सर्किट बोर्डावर ते बिनचूक चाललं होतं. पण तयार बोर्डावर काय, कोणीही करतं. खरा कारागीर नुसती चिप वापरतो, असं माझ्या डोक्यात बसलं. लॅमिंग्टन रोडवरून सुटी चिप आणली आणि बायकोच्या हिंगाच्या डबीत बसवली. डबी तिला विचारून घेतली नव्हती. बोर्डावर चिपला ताल द्यायला क्रिस्टल असतो. चिपचा स्वतःचाही एक ताल असतो, निम्म्या वेगाचा. मग क्रिस्टल हवाय कशाला, म्हणून मी तो गाळला. प्रोग्रॅममधला वेगाचा आकडा बदलायचा मात्र राहिला. दिवा लुकलुकला, मी खूश. घड्याळ लावून बघण्याचं काही सुचलं नाही.

त्या दिवशी बाहेर चाळकरी आरतीला उभे, झांजा जोरात. आत बायको दोनदा म्हणाली की वेळ जास्त वाटतोय, झाकण काढून बघू का. मी तिला ऐकवलं की अंदाजाचे दिवस गेले. पाणी आटून भांडं करपल्याचा वास आला, तेव्हा कुठे डबी वाजली.

मोदक फाटले होते. गूळ बाहेर येऊन चिकटला होता.

"वहिनीच्या हातचा मोदक कधी फुटला नाही हो," आत्या कुणाकडेच न बघता म्हणाली. वहिनी म्हणजे माझी आई.

मी लगेच सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी आहे, चिप निम्म्या वेगाने मोजत होती, तिची पंधरा मिनिटं म्हणजे आपला अर्धा तास. सगळ्यांनी सहानुभूतीने ऐकून घेतलं. कॉटवरून आई म्हणाली, "झील बायलेची बाजू घेता, ह्या बरा आसा." मुलगा बायकोची बाजू घेतो, हे सगळ्यांना पटलं. शेजारच्या काकांनी तर माझी पाठ थोपटली. मी जेवढं समजावत गेलो तेवढा चांगला नवरा ठरत गेलो, आणि मोदक तिच्याच नावावर राहिले.

आत गेलो तर ती पानं पुसत होती. हळू आवाजात म्हणाली, "अहो, आता परत सांगू नका. सगळे तुम्हालाच चांगलं म्हणायला लागलेत."

मला कुठे तोंड लपवावं कळेना. लपवायला दोन खोल्यांत जागाही नव्हती. शेवटी पंगत बसताना डबी भिंतीवरच्या घड्याळाखाली ठेवली, बटण दाबलं आणि सगळ्यांना लक्ष ठेवायला सांगितलं. वरणभात झाला, काळ्या वाटाण्यांची उसळ फिरली. पंधरा मिनिटं होऊन गेली तरी डबी गप्प. बंद पडलंय ते, आत्याने निकाल दिला. मग सगळे विसरले. ताक वाढत असताना डबी बोंबलली.

आत्याने घड्याळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. दहावीच्या निकालानंतर माझ्याकडे तसं कोणी बघितलं नव्हतं. आई पदर तोंडाला लावून हसत होती. आत्याने एक फुटका मोदक पानात घेतला, वरचं आवरण बोटांनी दाबून बघितलं आणि बायकोला म्हणाली, "उकड छान जमलीय गं तुला."

"हो," बायको म्हणाली. मग ताकाचं भांडं माझ्या पानाशी आणून थांबली.

"ती डबी रिकामी करून द्या. हिंग कधीचा कागदात बांधून ठेवलाय."