ग्यालनला पाव

नदीच्या मधोमध इंजिनाचा आवाज बदलला, तेव्हा होडीत नऊ बाया होत्या आणि मी. आवाज बंद पडला नाही, जड झाला. मागे निळसर धूर पाण्यावर पसरला. मी दांडी पुढे ढकलली, तर जोर वाढायचा सोडून आणखी उतरला. होडीचं तोंड काठाकडे होतं, पण श्रावणातलं पाणी आम्हाला खालच्या खडकांकडे ओढत होतं. तिथे पाण्याला फेस येतो, तो मला दिसत होता.

"अरे, बघतोस काय? वल्हं घे!" बायांतली सर्वांत वडील मावशी ओरडली. दुसरं वल्हं तिने स्वतःच उचललं होतं. काठाला लागलो तेव्हा खडक हाकेवर होते.

"काय झालं रं इंजिनाला?"

"गाळ अडकला असेल," मी म्हणालो. मला काहीच ठाऊक नव्हतं.

ते इंजिन आमच्या तरुण मंडळाचं. उल्हासनगरच्या कॅम्पात लष्कराच्या जुन्या मालातून आणलेलं. पलीकडच्या गावांतल्या बाया अंबरनाथला कारखान्यात कामाला जात. बदलापूरचा नावाडी मनाला येईल तेव्हा नाव सोडायचा, आणि भोंग्यानंतर पोचणाऱ्या बाईला दारावरूनच परतवून लावत. त्यावर मी पत्रक लिहिलं, 'नदी कुणाच्या मालकीची नाही', आणि मंडळाने स्वतःची होडी सुरू केली. लहानपणी वडील सभांमधून पत्रकं आणायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि छापील बाजूवर वाचायला शिकलो. छापलेलं ते खरं, असं मी मानत आलो. या इंजिनाबरोबर मात्र छापील एक चिटोराही नव्हता. कॅम्पातल्या सिंधी मेकॅनिकने तोंडी सांगितलं तेवढंच.

संध्याकाळची फेरी मी नावाड्याच्या हातापाया पडून त्याच्याकडे दिली. पण त्याआधी दिवसभर काठावर बसून इंजिन उघडलं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू मोकळा होता. जाळी स्वच्छ होती. पंख्यात शेवाळ नव्हतं. शेवटी प्लग काढला. काळा, ओला, काजळाच्या डबीत बुडवल्यासारखा. पुसून बसवला, दोरी ओढली, इंजिन छान चाललं. दहा मिनिटांनी पुन्हा तोच धूर. पुन्हा पुसला, पुन्हा धूर. उद्या पहाटे नऊ जणी माझ्या भरवशावर पाण्यात उतरणार होत्या.

प्लग रुमालात बांधून मी सायकलने कॅम्पात गेलो. मेकॅनिकने तो नखाने खरवडला, वास घेतला.

"साईं, ये क्या पिलाया इसको? पेट्रोल में तेल कितना डाला?"

"आपने बोला था उतना ही. ग्यालन में पाव."

"पाव क्या?"

"पाव ग्यालन."

तो दुकानाच्या आतल्या माणसाला हाक मारून म्हणाला, "अरे सुनो, पढ़ा-लिखा आया है!" आणि मला म्हणाला, "पाव सेर, बाबा! तेल कभी पाव ग्यालन होता है? इंजन है, पकोड़ा नहीं तलना है."

मी इंजिनाला चौपटीहून जास्त तेल पाजत होतो. आत काजळी साचायची, प्लग भिजायचा, ठिणगी मरायची, आणि ओझं पडलं की जोर जायचा. चूक यंत्राची नव्हती. नऊ जणींना मी खडकांपर्यंत नेलं होतं.

पहाटे टाकी रिकामी केली, नवं मिश्रण भरलं, नवा प्लग बसवला आणि रिकामी होडी पलीकडे नेली. बाया उभ्या होत्या. गाळाचं कारण तसंच ठेवता आलं असतं. इतरांच्या खोटेपणावर मी पानं भरून लिहिलं होतं. मी सगळं सांगितलं.

मावशीने शांतपणे ऐकलं. "पाव तेल म्हणजे पाव शेर, हे आमच्या शेंबड्या पोरीला ठावं हाय. तू कधी वाण्याकडं तेल आणायला गेला नाहीस ना?"

"नाही," मी म्हणालो. आमच्याकडे ते काम आई करायची.

"आता बरं चालतंय ना? मग बसू?" एका तरुण बाईने विचारलं.

"थांब गं. रिकामी तर ती कालपण चांगलीच आली हुती." मावशीने काठावरचे धोंडे दाखवले. "आमच्या नऊ जणींच्या वजनाचे भर. जाऊन ये मध्यापर्यंत. एकटा."

बायांनीच धोंडे भरले, एकमेकींची वजनं काढत, हसत. होडी कडेपर्यंत खाली बसली. बाया निदान वल्हं मारतात. धोंडे मारत नाहीत. उलटली तर ते सरळ तळाला जाणार, आणि मला पोहणं जेमतेम येत होतं.

मी दोरी ओढली. मधल्या धारेत पोचलो तेव्हा कान फक्त आवाजाकडे होते. फेस दिसत होता. मी दांडी पुढे ढकलली. होडी एक क्षण अडली आणि मग धारेच्या उलट वर चढू लागली. मागे धूर अगदी पुसट होता. तिथेच दोनदा फिरवून मी परतलो.

काठाला लागल्यावर मला होडीच्या दोरीची गाठ मारता येईना. मावशीने दोरी माझ्या हातातून घेतली, गाठ मारली आणि म्हणाली, "भ्यालास?"

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पदर खोचून होडीतला पहिला धोंडा उचलायला खाली वाकली.