मधलाच जनरेटर का नेला?

परवा मुलाने घरासाठी जनरेटर घ्यायचं काढलं. दुकानदाराने विचारलं, "खोल्या किती?" मी मध्येच म्हणालो, "खोल्या मोजू नका. घरात मोटर कुठली चालते ते विचारा." ही अक्कल मला एका चोराने शिकवली होती, आणि तो चोर मी अजून विसरलेलो नाही.

सत्तरच्या दशकात मी कराडजवळच्या एका ठाण्यात फौजदार होतो. ऐन लग्नसराई, आणि विजेचा काही भरवसा नाही. एका सकाळी मलकापूरचा मंडपवाला शेठ फिर्याद द्यायला आला. गोदामाची कडी उचकटून कोणीतरी जनरेटर नेला होता. मी पंचनाम्याला गेलो. तिथे तीन जनरेटर ओळीने ठेवलेले असत. धाकटा उचलायला सोपा, थोरला सगळ्यांत किमती. चोराने हे दोन्ही सोडून मधला नेला होता.

भुरटा चोर हलकं उचलतो, सराईत चोर महाग उचलतो. मधलं उचलणारा मी तोवर पाहिला नव्हता. शिवाय जनरेटरवरची ताडपत्री तिथेच होती, काठाला काठ लावून नीट घडी घातलेली. माझा जमादार पलटणीतून आलेला. तो घडीकडे बघून म्हणाला, "साहेब, ही बराकीतली घडी हाय. चोरी करतानाबी सवय सुटली न्हाई गड्याची." पण आमच्या भागात घरटी एक फौजी. कोणाकोणाला ठाण्यावर बोलावणार?

खबर मिळाली ती चहाच्या टपरीवर. टपरीवाला आमचा जुना खबऱ्या. कप विसळत म्हणाला, "सायेब, वरच्या मळ्यात लाईट गेली की इंजान वाजतंय. पण घरात दिवा न्हाई. कंदीलच हाय."

जनरेटर असून कंदील लावणारा माणूस मला बघायचाच होता. संध्याकाळी मी शेठला ओळख पटवायला बरोबर घेतलं. दारात पन्नाशीचा निवृत्त फौजी ताठ उभा.

"जनरेटर तू नेलास?"

"व्हय सायेब."

चौकशी एवढ्यातच संपली. मग त्याने आम्हाला आत नेलं. खाटेवर त्याची बायको होती. मिरजेला तिच्या घशाचं ऑपरेशन झालेलं, गळ्याला पाडलेल्या भोकात नळी. विजेवरच्या मशीनने कफ ओढला नाही, तर तिचा श्वास कोंडायचा.

"मग भाड्याने मागायचास."

"मागितला की. शेठनी इचारलं, घर केवढं? दोन खोल्या म्हटल्यावर म्हणाले, धाकटा ने. दिवं लागलं, पण मशीनची मोटर सुरू हुताना लय जोर खाती. इंजान दम टाकून बंद. म्या पिचकारीनं कफ वढला, तवर ही निळी पडली व्हती. मधला मागाय गेलो, तर म्हणाले, लग्नाला ठरलाय."

"मग थोरलाच का नाही नेलास?"

"त्यो लय राकेल पितो सायेब. मला मधल्यात भागतंय. दिवं लावलं न्हाईत की झालं."

पंचनामा लिहीत असतानाच लाईट गेली. फौजीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्याने दोरी ओढली, इंजिन स्थिर होऊ दिलं आणि मगच मशीनचं बटण दाबलं. इंजिन एकदा दबलं आणि सावरलं. बाईचा श्वास मोकळा होताना शेठ खाटेशेजारीच उभा होता.

जनरेटर मी सुपूर्दनाम्यावर मालकाच्या, म्हणजे शेठच्याच ताब्यात दिला. पण आरोपीला अटक करणं भाग होतं. आम्ही निघालो तसा फौजी पहिल्यांदा हबकला. "सायेब, दोरी कोण वढणार? पोरगं सरहद्दीवर हाय."

शेठने कोट काढून खुंटीला अडकवला. "मी हाय की. आवं, जनरेटर माझाच हाय."

फौजीला जामीन मिळेपर्यंत शेठ मळ्यातून हलला नाही. लग्नवाल्यांना त्याने थोरला पाठवला. हे आधीच सुचायला हवं होतं, असं तो स्वतःच मला म्हणाला. पुढे त्याच्या संमतीने आणि कोर्टाच्या परवानगीने खटला मिटला.

त्यानंतर ठाण्यात कोणी काही मागायला आलं, की घर केवढं यापेक्षा घरात काय अडलंय, ते मी आधी विचारू लागलो. कलम त्याने बदलत नाही, पण माणूस कळतो.

खटला मिटल्यावर मी एकदा मळ्यात गेलो होतो. बाई खाटेवर बसलेली. तिने नळीवर बोट ठेवलं, तसा श्वास घशातून वर आला, आणि घोगऱ्या, तुटक आवाजात ती म्हणाली, "च्या घ्या, सायेब."

फौजी चुलीपाशी होता. तो जागच्या जागी थांबला. "आपरेशनपासनं हिचा आवाज ऐकला नव्हता," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून आधण बघू लागला. मी एरवी कोणाच्या घरी चहा घेत नसे. त्या दिवशी दोन कप घेतले.