जयपूरची जोडी

जोडीबाईंना एकटं काही बघवत नसे. दारात एकच चप्पल दिसली की दुसरी सापडेपर्यंत शिकवणं बंद! राज्यांच्या राजधान्याही बाई एका अक्षराच्या जोडीनेच शिकवायच्या. भोपाळ-भुवनेश्वर, रायपूर-रांची, शिमला-शिलाँग. "एकटं नाव पोरं विसरतात गं," म्हणायच्या. बाई जवळच्याच जामसरच्या, त्यामुळे आमच्या बोलण्याला कधी हसल्या नाहीत. जव्हार तालुक्यातल्या वांगणीकडच्या आमच्या आश्रमशाळेत त्या रोजंदारीवर होत्या. एप्रिलअखेर त्यांची नेमणुकीची ऑर्डर संपायची, मग नवीसाठी जूनपर्यंत जव्हारला खेटे.

'ज'ला मात्र बाईंच्या यादीत एकटं जयपूर. मला त्याची फार कीव यायची. एकदा मी म्हटलंच, "बाई, जयपूर एकलाच हाय. त्याला जव्हार द्या ना." दाखल्यापासून दवाखान्यापर्यंत आमची सगळी कामं जव्हारला, शिवाय तिथे राजवाडा. राजधानी याहून वेगळी काय असते? बाई पोट धरून हसल्या. "ती संस्थानाची होती गं, राज्याची नाय. वर्गात लाव जोडी, पेपरात नको लावू."

आमची शाळा सातवीपर्यंतच. पुढे जव्हारच्या वसतिगृहात नाव लागलं नाही, तर मी आईबापाबरोबर वीटभट्टीवर जायचं, हे घरी ठरलेलं होतं. मुली निवडायला एक साहेब आले. त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, "ज अक्षरावरून कुठल्या राजधान्या?"

राजधान्या म्हणाले म्हणजे एकीवर भागणार नाही, असं माझ्या घाबरलेल्या डोक्याने घेतलं.

"जयपूर आणि जव्हार."

साहेब मोठ्याने हसले. मग यादीतल्या माझ्या नावावर त्यांचं पेन थांबलं. बाई पुढे झाल्या. "साहेब, पोरीची चूक नाही. मीच तसं शिकवलंय."

मला तोंड होतं, पण मी उघडलं नाही. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'शिक्षिकेचे सामान्य ज्ञान अपुरे.' जूनमध्ये मी वसतिगृहात गेले. बाईंची ऑर्डर आली नाही. पुढे त्या जामसरला शिवणकाम करू लागल्या. त्या दिवसाबद्दल त्या मला कधी बोलल्या नाहीत, आणि मीही भित्री ती भित्रीच राहिले.

गेल्या महिन्यात, शिक्षणसेवकाची तीन वर्षं भरून मला मोखाड्यात कायमची ऑर्डर मिळाली. पेढे घेऊन मी बाईंकडे गेले. आज सगळं बोलायचंच, असं बसमध्ये दहादा घोकलं होतं. त्यांनी मशीन थांबवलं, हात पुसले आणि ऑर्डर ओळीवर बोट ठेवत शेवटपर्यंत वाचली. मग कागद उलटून मागची बाजू पाहिली.

"अगं, संपायची तारीख कुठे लिहिलीय हिच्यात?"

"नसते, बाई."

"नसते?" त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.