तिरपं भांडं

गेल्या चैत्रात आई एका मराठी घरी हळदीकुंकवाला गेली होती. मी तिला न्यायला गेलो, तेव्हा ती पन्ह्याचा पेला परत करत होती. "घसा धरलाय," ती म्हणाली आणि ओले हरभरे तेवढे पदरात घेतले.

घसा ठीक होता. रस्त्यात फार विचारल्यावर तिने सांगितलं. गुडघ्यांमुळे संडासात बसलं की उठवत नाही, म्हणून ती पाणीच कमी पिते. घरीसुद्धा.

आमचा संडास बाबांनी स्वतः बांधलेला. नोकरीसाठी झाशीला आल्यावर त्यांनी खंडेराव गेटजवळ हे लहानसं घर घेतलं. संडासाच्या भिंतीपलीकडे देवघर. बसणाऱ्याचं तोंड किंवा पाठ देवाकडे नको, म्हणून त्यांनी भांडं कोपऱ्यात तिरपं बसवलं, तेही उंच ओट्यावर.

घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. तरी बाबांपाशी कमोडचा विषय काढायला मला बरेच दिवस धीर झाला नाही. शेवटी आईच्या पाण्याचं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "घेऊन ये."

मिस्त्रींनी ओटा फोडला आणि थांबले. "भैया, ये तो किसी नाप का है ही नहीं. कमोड इसी दीवार से लगेगा, वरना दरवाज़ा नहीं खुलेगा."

ती भिंत देवघराची.

आई दारातच होती. "राहू दे. जुन्यासारखंच बांधा परत. माझं चाललंय ना."

बाबा आत निघून गेले. ते रागावले असं वाटून मी मागे गेलो. ते एकेक देव उचलून ताम्हनात ठेवत होते.

"अहो, हे काय?" आई म्हणाली.

"स्वयंपाकघरात नेतोय. देव उचलता येतात. तुला कोण उचलणार?"

"एवढी जड झालेय का मी?" ती म्हणाली आणि ताम्हन धरायला पुढे आली.

यंदा हळदीकुंकू आमच्याकडे झालं. गौर स्वयंपाकघरातच मांडली होती. बायका गेल्यावर आईने उरलेलं पन्हं पेल्यात ओतलं आणि सगळं प्यायली. बाबा बघत होते.

"अजून आहे का?"

मला वाटलं, स्वतःसाठी विचारताहेत. त्यांनी पातेलं उचललं आणि तिचाच पेला पुन्हा भरला.