कोरडं काम

“पावडर तोल, पुड्या बांध, नावं लिही. ओल्याला मात्र हात लावायचा नाही.”

डॉक्टरांनी हे मला चार पेशंटांसमोर सांगितलं. आवाज चढवला नाही. चपला बाहेर काढ म्हणावं, तितक्या सहज म्हणाले. बाकावरच्या एका बाईनं आपलं पोरगं माझ्यापासून जरा आत ओढलं. मी “हो” म्हणालो. लगेच म्हणालो. अपमान तर झालाच, पण आज मला त्या घाईची जास्त लाज वाटते.

दवाखाना वाशीमचा. देशाला घटना मिळून चार-पाच वर्षं झाली होती. कायद्यानं अस्पृश्यता संपलेली, आणि इथं ती मिक्श्चरच्या बरणीत शाबूत. मी अकोल्याहून इंटर सायन्सची परीक्षा देऊन आलो होतो. पुढं नागपूरला फार्मसी शिकायची होती. आमच्या अनसिंगच्या महारवाड्यात तो शब्द कुणाच्या जिभेवर बसत नव्हता. आई नुसतं “औशिदाची शाळा” म्हणायची आणि सगळ्यांना सांगत सुटायची. प्रवेशाच्या अर्जाला एका डॉक्टरचं शिफारसपत्र जोडायचं होतं, की मुलानं दवाखान्यात काम केलंय, वागणूक चांगली आहे. हे डॉक्टर सुधारक म्हणून नावाजलेले. सभांतून बोलायचे. उन्हाळाभर मला ठेवून घ्यायला ते कबूल झाले, शेवटी पत्र देतो म्हणाले. मी भरून पावलो.

तर नियम असा. पावडरीला विटाळ होत नाही, ती कोरडी. मिक्श्चरमध्ये पाणी पडतं, म्हणून त्याला होतो. केमिस्ट्रीत मला चांगले मार्क होते, पण हे रसायन काही आम्हाला शिकवलं नव्हतं.

आमच्या लोकांसाठी मागची खिडकी होती. माणसं घरून शिशी आणायची, खिडकीच्या कठड्यावर ठेवायची आणि दोन पावलं मागं सरायची. कंपाउंडर वरून धार सोडायचा. शिशीला शिवायचं नाही. आणि शिवायचं नाही म्हणून आणखी एक गोष्ट व्हायची नाही. समोरच्या पेशंटांच्या शिशीला तो कागदाची पट्टी चिकटवायचा, कडेनं कातरून खुणा केलेली. एक खूण म्हणजे एक डोस. अक्षर न येणाऱ्यालाही कळावं म्हणून ती पट्टी. मागच्या खिडकीतल्या शिशा मात्र कोऱ्याच परत जायच्या. “थोडं थोडं घे,” एवढं तो आतून ओरडायचा.

डॉक्टरांकडे औषधं बनवण्याचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं. ते मी दुपारी वहीत उतरवून घ्यायचो. डोसाची खूण केल्याशिवाय औषध देऊ नये, हे मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. खाली रेघही मारली होती. त्या शिशांना मी शिवलो असतो तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. त्या माझ्याच लोकांच्या शिशा. पट्टी कोरडी, शिशी बाहेरून कोरडी. नियमही मोडत नव्हता.

पण मी त्या खिडकीकडे जात नव्हतो. मी पुढच्या टेबलाशी बसायचो, धुतलेला पांढरा सदरा घालून. समोरून येणारा नवा पेशंट मला डॉक्टरांचा भाचा-पुतण्या समजायचा. एकदोघांनी तर नमस्कार केला. मला ते आवडायचं. हे लिहिताना हात थांबतो, पण आवडायचं.

मे महिन्यात एका सकाळी मागून आवाज आला, “डाक्टरसाहेब, पोट्टीले लय खोकला हाय हो.”

आवाज माझ्या आत्याचा होता. ती जऊळक्याला राहायची. आई कामाला जायची तेव्हा मला तिनं कडेवर वाढवलेलं. रेल्वेनं आली असणार, सोबत तिची सहा वर्षांची नात, गंगू. पोरीला डांग्या खोकला झाला होता. खोकताना तिचा श्वास असा ओढला जायचा की समोरच्या बाकावरची माणसंही मागं वळून पाहू लागली.

मी पुड्या बांधत होतो. उठलो नाही. मान वळवून पाहिलं मात्र. खिडकीतून आत्यानं मला पाहिलं. नजरेला नजर भिडली. तिनं नजर काढून घेतली आणि कठड्यावर शिशी ठेवली. कंपाउंडरनं खोकल्याचं मिक्श्चर ओतलं. त्यात अफूचा अर्क असतो, जास्त झाला तर माणूस गुंगीत जातो, हे मला ठाऊक होतं. “खोकला आला का थोडं दे,” तो म्हणाला. ती गेली. तिनं ओळख दिली नाही याचं मला बरं वाटलं.

डांग्या खोकला दिवसातून वीस वेळा येतो. आत्यानं वीस वेळा थोडं थोडं दिलं. तिला जसं सांगितलं, अगदी तसंच केलं तिनं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती परत आली. गंगू खांद्यावर, मान लोंबकळलेली, ओठ निळसर. आत्या खिडकीशी थांबली नाही, सरळ पुढच्या दारात आली. डॉक्टर बाहेर आले. पायरीवरूनच त्यांनी पोरीच्या डोळ्यांकडे पाहिलं, शिशी पाहिली. अर्धी रिकामी.

“औषध म्हणजे काय ताक आहे? अडाणी लोक! तुम्हीच मारता पोरं आणि नाव आमचं जातं.”

आत्या म्हणाली, “चुकलं साहेब. पण वाचवा.”

चूक तिची नव्हती. ते सांगू शकणारा माणूस तिथं एकच होता आणि तो माझ्या सदऱ्यात उभा होता. मी बोललो नाही. पत्र मिळायला आठवडा राहिला होता.

डॉक्टरांनी उपाय बरोबर सांगितला, तेवढं कबूल करतो. कडक काळा चहा पाजा, झोपू देऊ नका, चालवत ठेवा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तू बघ जरा हिच्याकडे. तुमच्यातलीच आहे.”

मागच्या कडुनिंबाखाली आम्ही गंगूला चालवलं. एक हात आत्यानं धरला, एक मी. पाय ओढले जायचे. मान पडली की आत्या गालावर चापट मारायची आणि मारून स्वतःच रडायची. चहा निम्मा ओघळून जायचा. झाडापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून झाडापर्यंत. ऊन कलंडलं तेव्हा पोरीनं डोळे उघडून मोठ्यानं रडायला सुरुवात केली. त्या रडण्यानं आत्या मटकन खाली बसली.

मी तिला विचारलं, “काल मले हाक काहून नाई मारली?”

आत्या पदरानं गंगूचं तोंड पुसत होती. म्हणाली, “तू तिकडं त्या लोकाईत बसला होता ना बापा. म्या हाक मारली असती त तुह्यं काम गेलं असतं.”

रागानं म्हणाली असती तर मी सोसलं असतं. ती समजूतदारपणे म्हणाली. मी तिला ओळख दिली नाही, आणि तिनं मला वाचवण्यासाठी ओळख दिली नाही. दोन्हींची किंमत त्या पोरीनं मोजली. मी गंगूला तिच्याकडून उचलून घेतलं आणि स्टेशनची वाट धरली.

त्यांना गाडीत बसवलं. शिशी मी माझ्याकडे ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या कठड्यावर पाच शिशा होत्या. मी पुढच्या टेबलाशी गेलोच नाही. पाचही पट्ट्या कातरल्या, खळ लावून चिकटवल्या, प्रत्येकाला खूण दाखवून समजावून सांगितलं. मग आत आलो, मिक्श्चरची बरणी उचलली, माप घेतलं आणि शिशी हातात धरून औषध ओतलं. वरून नाही.

कंपाउंडर ओरडला, “अबे, काय करून राह्यला? बरनी बाटवली!”

डॉक्टर धावत आले. त्यांनी बरणी पाहिली, मग मला. बरीच घरं इथलं औषध घेतात, त्यांना मी काय सांगू, असं काहीसं म्हणाले. मी म्हणालो, “पोरीला औषध जास्त झालं, ते तिच्या आजीच्या चुकीनं नाही. तुम्ही खूण दिली नाही. मीही दिली नाही.”

ते हळू आवाजात म्हणाले, “माफी माग. बरणी फेकून देऊ, विषय संपला. तुला पत्र हवंय ना?”

हवं होतं. खोटं कशाला सांगू, फार हवं होतं. त्यांच्या शब्दांत धमकीही होती आणि थोडी मायाही होती, आणि त्या मायेनंच माझं डोकं फिरलं. मी उरलेल्या चार शिशा भरल्या. मग बाहेर पडलो. त्यांनी बरणी गटारात ओतली, ते पाठीमागे ऐकू आलं.

आईनं दोन दिवस चूल नीट पेटवली नाही. आत्या जऊळक्याहून आली आणि म्हणाली, “जाय, पाय धर त्याईचे. आमच्यापायी तुह्यी शाळा नको बुडू.” मी नाही म्हणालो. पहिल्यांदा तिच्याशी कठोर बोललो.

अर्ज मी पत्राशिवाय पाठवला. अनुभवाच्या रकान्यात लिहिलं: ‘दीड महिना दवाखान्यात कोरडं काम केलं. माहीत असूनही एका मुलीला औषधाचं माप सांगितलं नाही.’ अर्ज परत आला. वर्ष गेलं. ते मी कापूस सरकीच्या कारखान्यात पोती वाहून काढलं.

दुसऱ्या वर्षी अर्ज भरताना कॉलेजातला मित्र शेजारी होता. म्हणाला, या वर्षी ते वाक्य गाळ, वेड्यासारखं करू नको, प्रवेश मिळू दे आधी. त्याचं खरं होतं. गंगू बरी झाली होती, पण तिला बोलताना शब्द उशिरा सापडत. औषधानं की आजारानं, कुणी सांगितलं नाही. मी विचारायला धजलो नाही.

मी टाक शाईत बुडवला आणि ते वाक्य पुन्हा लिहिलं. त्याच्याखाली आणखी एक लिहिलं: ‘यापुढे सांगेन. कुणीही समोर असलं तरी.’