विरघळणारा साहेब

रेडमंडच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या नागपूरकराइतका साहेबलोकांवर विश्वास ठेवणारा माणूस साऱ्या अमेरिकेत दुसरा नसेल. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या तो बेलव्ह्यूहून येताना बसमध्ये वाचायचा आणि आठवड्यातून एकदा तरी स्टॉप चुकून पावसात उलटा चालत यायचा. त्या कादंबऱ्यांतून त्यानं एक शास्त्रच काढलं होतं. जगात मालक दोनच प्रकारचे: एक, नाताळला कारकुनांना पोटभर जेवू घालून त्यांच्याबरोबर नाचणारा, दुसरा, त्यांच्या शेगडीतल्या कोळशावरही डोळा ठेवणारा. इंटरव्ह्यूला गेला तरी हा आधी तिथल्या किचनमध्ये डोकावायचा. "फ्रिजमध्ये दूध दिसलं की पहिला प्रकार समजायचा," असं मला गंभीरपणे शिकवायचा.

त्याच्या वाट्याला मात्र दुसरा प्रकार आला. आईला भेटून चार वर्षं झालेली. सुट्टी मागितली की साहेब हसून 'हा सॉफ्टवेअर रिलीज झाल्यावर बघू' म्हणायचा, आणि एक रिलीज संपला की दुसरा दारात उभाच. ग्रीन कार्डचे कागद याच कंपनीकडे अडकलेले, त्यामुळे नोकरी सोडायचीही सोय नाही. पण गडी निराश होईना. "यार, कंजूष मालक शेवटच्या प्रकरणात विरघळतोच!" नाताळनंतर पहिल्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी येऊन साहेबाचा चेहरा निरखायचा.

"काही फरक?" मी विचारायचो.

"आज गुड मॉर्निंग जरा प्रेमानं म्हणाला बघ."

मला हसू यायचं, आणि मागोमाग वाईटही वाटायचं.

२००६ साली हा नागपूरकरच आमचा टीम लीड, म्हणजे माझा साहेब झाला. माझ्या आईचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी भीत भीत तीन आठवडे मागितले. "सहा घे," तो म्हणाला, "आणि लवकर परत आलास तर बघ!" माझं सगळं काम त्यानं स्वतःकडे घेतलं.

आईला बरं वाटल्यावर त्याच्या आईला व्हिटॅमिनच्या बाटल्या द्यायला मी नागपूरला गेलो. काकूंनी ताटलीत लाडू ठेवले.

"त्याच्यासाठीच केले होते. या महिन्यात येणार होता ना! साहेबानं एकदाची सुट्टी दिली, तर यानंच कॅन्सल केली. टीममधला कोणीतरी रजेवर गेला म्हणे."

मला हे ठाऊकच नव्हतं. लाडू हातातच राहिला.

"तुला बरं सोडलं रे," काकू म्हणाल्या. "तुझा साहेब चांगला दिसतो."

"हो काकू," मी म्हणालो. "फार चांगला आहे."